अट कुठल्या दाराला?

२०२३ च्या जूनमध्ये महाराष्ट्रातल्या स्वायत्त महाविद्यालयांत जी मुलं पहिल्या वर्षाला बसली, ती नव्या शैक्षणिक धोरणाची पहिली तुकडी. त्यांची तीन वर्षं भरली. आता पदवी घेऊन बाहेर पडायचं की चौथं वर्ष करून ‘ऑनर्स’ मिळवायचं, हा प्रश्न त्या घरांपुढे आहे. संलग्न महाविद्यालयांत हे धोरण २०२४ पासून आलं, त्यामुळे तिथे हीच चर्चा एक वर्ष मागून चालली आहे.

साताऱ्यातली माझ्या ओळखीची दोन माणसं यावरून संध्याकाळभर भांडली. सर गणिताचे निवृत्त प्राध्यापक. दुसरी त्यांची जुनी विद्यार्थिनी. गणित त्यांच्याकडे शिकली, पुढे अर्थशास्त्रात गेली आणि आता एका स्वायत्त महाविद्यालयात चौथ्या वर्षाचं सगळं काम तिच्या गळ्यात पडलंय. चौथं वर्ष दोघांनाही हवंय. भांडण होतं ते ऑनर्स कुणाला द्यायचं यावर.

नियम आधी सांगून टाकतो, कारण त्यांच्याशिवाय पुढचं कळायचं नाही. आपल्याकडे सत्राला २२ क्रेडिट. एक क्रेडिट म्हणजे वर्गातले १५ तास, किंवा प्रयोगशाळेतले नाहीतर प्रत्यक्ष कामाचे ३० तास. तीन वर्षांत १३२ क्रेडिट झाले की पदवी, चार वर्षांत १७६ झाले की ऑनर्स. विद्यापीठ अनुदान आयोगाने देशासाठी ठरवलेला किमान आकडा १२० आणि १६० आहे; महाराष्ट्राने थोडा जास्त धरला. चौथ्या वर्षाला दोन रस्ते फुटतात. एक साधं ऑनर्स, त्यात विषयाचे आणखी पेपर. दुसरं संशोधनासह ऑनर्स, त्यात प्रबंध. आयोगाच्या आराखड्यात त्याला १२ क्रेडिट आहेत. दुसऱ्या रस्त्याला लागायचं तर पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के हवेत. शिवाय त्या विभागात पीएच.डी.चे मान्यताप्राप्त मार्गदर्शक असलेले किमान दोन कायम प्राध्यापक हवेत.

सर : मला एक सांग. चव्वेचाळीस क्रेडिट जास्त बसला म्हणून ऑनर्स? ज्याने एक पान स्वतःचं लिहिलं नाही, त्याला?

ती : पेपर लिहिलेत की त्याने.

सर : पेपर मीही लिहिले. पेपर म्हणजे दुसऱ्याने विचारलेल्या प्रश्नाला तिसऱ्याचं उत्तर. माझं म्हणणं सरळ आहे. प्रबंध नसेल तर ऑनर्स नाही. आणि प्रबंधाला बसायचं तर पंचाहत्तर टक्के पाहिजेतच.

ती : यातलं पहिलं मला निम्मं मान्य आहे, दुसरं अजिबात नाही. पण आधी निम्म्याचं बोलू. ज्या मुलीला संशोधन करायचं नाही, पण विषय आणखी एक वर्ष शिकायचाय, तिने काय करायचं?

सर : एम.ए.ला जावं.

ती : तेच करतेय ती. पूर्वी तीन अधिक दोन होतं, आता चार अधिक एक. चार वर्षांची पदवी घेतली की एम.ए. एका वर्षात होतं. बेरीज पाचच.

सर : मग त्याला एम.ए. भाग एक म्हणा. ऑनर्स कशाला म्हणता?

ती : कारण मधेच थांबावं लागलं तर तिच्या हातात काहीतरी असावं. पूर्वी एम.ए.चं पहिलं वर्ष करून सोडलं तर हातात काय यायचं? नुसती गुणपत्रिका.

इथे सर गप्प बसले, आणि ते सहसा बसत नाहीत. मलाही तिचं पटलं. मात्र याची दुसरी बाजू ती महाविद्यालयाच्या माहितीपत्रकात छापणार नाही, म्हणून इथे लिहितो. ज्याला पुढे एम.ए., एम.एस्सी. करायचंच नाही, त्याला हे वर्ष जास्तीचं आहे. राज्यसेवेला किंवा केंद्रीय लोकसेवेला तीन वर्षांची पदवी पुरते. साताऱ्या-कराडच्या अभ्यासिकांत बसणाऱ्या मुलांना वयाची मर्यादा ऑनर्सपेक्षा मोठी आहे. तिच्याकडे चौकशीला येणाऱ्यांतले बरेचजण पहिला प्रश्न हाच विचारतात, आणि ती त्यांना खरं तेच सांगते: परीक्षाच द्यायच्या असतील तर चौथं वर्ष नको.

सरांनी मग आपला हुकमाचा पत्ता काढला.

सर : रँग्लर परांजपे. दापोली तालुक्यातल्या मुर्डीचा मुलगा. १८९९ मध्ये केंब्रिजच्या गणित ट्रायपॉसला सीनियर रँग्लर. ट्रायपॉस ही ऑनर्सचीच परीक्षा होती. पहिला वर्ग रँग्लर, दुसरा सीनियर ऑप्टिमी, तिसरा ज्युनियर ऑप्टिमी, आणि प्रत्येकाचा क्रमांक जाहीर. ते परत आले आणि फर्ग्युसनला शिकवायला लागले, तर महाराष्ट्राने ‘रँग्लर’ त्यांच्या नावाला कायमचं जोडून टाकलं. का? कारण त्या शब्दामागची कसोटी सगळ्यांना ठाऊक होती. आज तुमच्या १७६ क्रेडिटमागे कुठली कसोटी आहे ते सांग.

ती : सर, त्या वर्षी पहिला क्रमांक दोघांत होता. परांजपे आणि बर्टविसल.

सर : असेल. म्हणून ते काही कमी होत नाहीत.

ती : होत नाहीतच. पण पुढचं तुम्ही सांगत नाही. क्रमांक लावायची ती पद्धत केंब्रिजने स्वतःच मोडली. १९०९ चा सीनियर रँग्लर हा शेवटचा. मोडा म्हणून जे ओरडत होते त्यांत गणिती हार्डी होते, आणि हार्डी काही नापास झालेले नव्हते. १८९८ चे चौथे रँग्लर होते ते. त्यांचं दुखणं काय होतं? मुलं खाजगी शिकवणीवाल्यांकडे बसून चलाख गणितं घोटतात, क्रमांक मिळवतात, आणि खरं गणित म्हणजे काय ते त्यांना ठाऊकही नसतं.

सर : ते मला ठाऊक आहे. मी हार्डी वाचलाय.

ती : मग गुणांवरून संशोधक ओळखता येतो असं तुम्ही कसं म्हणता? तुमच्याच केंब्रिजला ते शंभरावर वर्षांपूर्वी पटेनासं झालं.

सर : गुणांवरून संशोधक ओळखता येत नाही. आळशी ओळखता येतो. तीन वर्षं ज्याने अभ्यास केला नाही, तो चौथ्या वर्षी एकदम झपाटून जाईल, हे मला पटत नाही.

ती : आळस एकच कारण असतं का?

त्यावर तिने एका मुलाचं सांगितलं. हा मुलगा तिच्या वर्गातला, पाटण तालुक्यातला. सहा सत्रांची सरासरी अडुसष्ट टक्के. आजोबा मुंबईला मशीद बंदरच्या बाजारात माथाडी, बाजार वाशीला हलला तसे वडीलही तिकडे. पाटण, कोरेगाव, खटावकडच्या कित्येक घरांची गेल्या तीन पिढ्यांची कथा याच साच्यातली आहे. माथाडींची संघटना बांधणारे अण्णासाहेब पाटील पाटणचेच, आणि १९६९ चा माथाडी कायदा झाला तो याच माणसांच्या पाठीवरच्या ओझ्यामुळे. या मुलाच्या घरात आजोबांनी पाठवलेल्या मनिऑर्डरींच्या पावत्या आहेत, एका डब्यात, वर्षांनुवर्षांच्या. त्याला त्यावरून काढायचं होतं की मुंबईचा पैसा गावात कशात गेला: विहिरीत, लग्नांत, जमिनीत की औषधपाण्यात. गावातल्या आणखी घरांनी त्याला आपल्या पावत्या दाखवायची तयारी केली होती. बाहेरच्या संशोधकाला त्या डब्यांचं झाकणही उघडू दिलं नसतं.

ती : शनिवार-रविवार तो एका मंगल कार्यालयात वाढप्याचं काम करतो. अडुसष्ट टक्के त्यामुळे. नियमाप्रमाणे तो संशोधनाला बसू शकत नाही. त्याच्या शेजारी बसणारी मुलगी ब्याऐंशी टक्क्यांची आहे. ती बसू शकते, आणि तिने मला विचारलं, ‘मॅडम, एखादा सोपा टॉपिक सुचवाल का?’

सर : तू मुद्दाम असं उदाहरण काढलंस.

ती : मुद्दामच काढलं. पण खरं आहे. आणि ते ब्याऐंशी कुठून आले तेही बघा. चाळीस गुण अंतर्गत. प्रश्नपत्रिका आमचीच, तपासणार आम्हीच. माझ्या महाविद्यालयातले पंचाहत्तर आणि पलीकडच्या महाविद्यालयातले पंचाहत्तर सारखे आहेत, असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. इतिहासातले पंचाहत्तर आणि संगणकशास्त्रातले पंचाहत्तर तर नाहीतच. एवढ्या लवचिक मोजपट्टीवर आपण एवढी ताठ रेघ मारतोय.

ही रेघ एकाच ठिकाणी नाही, हेही लक्षात घ्यायला हवं. २०२२ च्या नियमांनुसार चार वर्षांच्या पदवीवरून थेट पीएच.डी.ला जायचं तर ७५ टक्के लागतात. तिथे अनुसूचित जाती-जमाती, नॉन-क्रीमीलेअर ओबीसी, दिव्यांग आणि आर्थिक दुर्बल घटकांना पाच टक्क्यांची सवलत आहे. २०२४ पासून चौथ्या वर्षातल्या मुलाला नेट देता येते, तीही ७५ वरच. म्हणजे पाटणच्या त्या मुलाचे सात टक्के त्याला तीन ठिकाणी आडवे येणार. पीएच.डी.च्या प्रवेशाला काहीतरी आकडा लागेल हे मी समजू शकतो. तिथे जागा मोजक्या असतात आणि पुढे शिष्यवृत्तीचा पैसा असतो. पण पदवीच्या मुलाला एक प्रबंध लिहू द्यायचा की नाही, यालाही तोच आकडा कशासाठी?

सरांचं उत्तर तयार होतं, आणि माझ्या मते त्या संध्याकाळचं सगळ्यात वजनदार बोलणं तेच होतं.

सर : तू आत येणाऱ्या दाराबद्दल बोलतेयस. ठीक आहे, उघड ते. पण बाहेरच्या दाराला कडी आहे का तुमच्या? मी बाह्य परीक्षक म्हणून किती महाविद्यालयांत गेलोय. सकाळी अकराला पोचायचं, चहा, मग टेबलावर ब्लॅक बुकांचा ढीग. सगळ्यांचं रेक्झिन एकसारखं, आतले आभार एकसारखे, बऱ्याचदा आतला मजकूरही एकसारखा. कॉलेजसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात तयार प्रोजेक्ट मिळतो हे शिपायालाही ठाऊक असतं. प्रत्येक मुलाला दोन प्रश्न, त्यातला एक ‘गाव कुठलं’. दोनला जेवण, तीनला टीए-डीएच्या फॉर्मवर सही. कुणाला नापास केलंय असं मला आठवत नाही. मी केलं असतं तर पुन्हा बोलावलं नसतं. आता तर झेरॉक्सवाल्याचीही गरज नाही. मोबाइलवर विचारलं की सत्तर पानं तयार, आणि ती कुठल्याच यंत्रात चोरी म्हणून सापडत नाहीत. अशा ठिकाणी आतलं दारही सताड उघडं टाकलंस, तर वर्षाला हजारो प्रबंध बांधले जातील आणि वाचणारा एकही नसेल. बाहेर कडी नाही म्हणून मी आत उभा आहे. तो आकडा वाईट आहे हे मला कळतं. पण दुसरं काही नाही ना!

ती : मग बाहेरची कडी बसवू या की.

सर : बसव. मला तेच बघायचंय.

ती : तुमची नात तिकडे ॲरिझोना स्टेटला आहे ना? बॅरेट ऑनर्स कॉलेजात?

सर : आहे. तिथेही सरासरीची अट आहे, चारपैकी ३.२५. ऑनर्सचे ३६ क्रेडिट आणि थिसिस. मी तेच म्हणतोय.

ती : ती अट कुठल्या दाराला आहे, विचारलंत तिला? ३.२५ ही ऑनर्स घेऊन बाहेर पडायची अट आहे. मूल पहिल्या वर्षापासून ऑनर्स कॉलेजात असतं, पहिल्या दोन सत्रांत छोट्या वर्गात बसून मूळ ग्रंथ वाचतं, चर्चा करतं. शेवटी थिसिस नाहीतर सर्जनशील काम, आणि ते समितीपुढे उभं राहून मांडायचं. वाटेत साध्या वर्गातही शिक्षकाशी ठरवून जास्तीचं काम करून ऑनर्सचं क्रेडिट मिळवता येतं. आपण तीन वर्षं काहीच विचारत नाही, आणि चौथ्या वर्षाच्या उंबऱ्यावर एकदम आकडा मागतो.

सर : तिथे आत जायलाही निवड असते. आणि ऑनर्सची वेगळी फी घेतात.

हे खरं आहे, आणि तिने ते मान्य केलं. फी भरून मिळणारा सन्मान आपल्याला नको, यावर दोघांचं एकमत होतं. पण तिला बॅरेटपेक्षाही जुनं एक उदाहरण द्यायचं होतं. फिलाडेल्फियाजवळ स्वार्थमोर नावाचं एक लहान कॉलेज आहे. फ्रँक एडेलॉट हे ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला शिकून आलेले गृहस्थ १९२१ मध्ये तिथे अध्यक्ष झाले आणि पुढच्याच वर्षी त्यांनी ऑनर्सचा कार्यक्रम सुरू केला. अमेरिकेत पुढे जे ऑनर्स कार्यक्रम निघाले, त्यांतल्या पुष्कळांनी त्याच्याकडे पाहून धडे घेतले. त्याची मुख्य गोष्ट आजही टिकून आहे. मुलं लहान गटांत शेवटची दोन वर्षं सेमिनार करतात, आणि शेवटी बाहेरच्या विद्यापीठांतले प्राध्यापक येऊन त्यांची लेखी आणि तोंडी परीक्षा घेतात. ऑनर्स द्यायचं की नाही, आणि कुठल्या श्रेणीचं, हे त्या पाहुण्यांनी ठरवायचं. ज्याने शिकवलं त्याचा त्यात हात नाही.

सर : (पुढे सरकून) शिकवणारा वेगळा, तपासणारा वेगळा?

ती : पूर्ण वेगळा. त्याचा परिणाम असा होतो की शिक्षक आणि विद्यार्थी एका बाजूला येतात. शिक्षकाकडून गुण मिळवायचे नसतात, त्यामुळे त्याच्यापुढे आपलं अज्ञान उघडं करायला मूल घाबरत नाही.

सर : अगं, पण हे तर आपलं जुनं विद्यापीठच झालं! आम्ही शिकवायचो, पेपर शिवाजी विद्यापीठ काढायचं, तपासायचा तिसराच कुणीतरी. तुम्ही स्वायत्तता घेतलीत आणि ते घालवलंत.

ती : आणि तपासणारा एका दिवसात किती पेपर उडवायचा तेही सांगा.

सर : ते सांगायचं नसतं.

दोघं हसले. यापुढे वाद थोडा बदलला. ती आता जे सांगत होती ते पुस्तकी नव्हतं. तिने स्वतःच्या अभ्यासमंडळापुढे ठेवायला एक कागद तयार केला होता आणि सर तो गणिताच्या पेपरासारखा तपासत होते.

तिचं म्हणणं असं. प्रवेशाला टक्के नकोत. त्याऐवजी सहाव्या सत्राच्या शेवटी मुलाने चार पानी आराखडा द्यावा: प्रश्न काय, उत्तर कुठे शोधणार, कुणाला भेटणार. त्यावर अर्धा तास तोंडी. जमलं तर संशोधन, नाही तर साधं ऑनर्स. शेवटी बाह्य परीक्षक दुसऱ्या जिल्ह्यातला, आणि त्याचं नाव विद्यापीठाने ठरवायचं, मार्गदर्शकाने सुचवायचं नाही. मुलाने वीस मिनिटं मराठीत किंवा इंग्रजीत बोलायचं. प्रबंधाबरोबर कामाची डायरी टेबलावर ठेवायची: कोणत्या तारखेला कुठे गेलो, कोण भेटलं, काय चुकलं, काय खोडलं.

सर : रफ वही!

ती : हो, रफ वहीच.

सर : हे मला आवडलं. मी आयुष्यभर रफ वही बघत आलो. फेअर वहीत उत्तर बरोबर असतं. कुठे अडला आणि कुठून सुटला ते रफ वहीत दिसतं. आणि खोटी रफ वही लिहिणं हे खरं गणित करण्यापेक्षा अवघड आहे.

ती : त्या पोराची वही आत्ताच सुरू झालीय. पावत्यांवरचे पोस्टाचे शिक्के पुसट झालेत, म्हणून तो तारखा कशा लावायच्या याच्याशी झुंजतोय. ते कुठलं यंत्र लिहून देणार?

सर : पण तुझ्या कागदात एक भोक आहे. मार्गदर्शक कुठून आणणार?

ती : ते भोक माझ्या कागदात नाही, सरकारच्या आहे.

तिचा आवाज इथे पहिल्यांदा चढला. विभागात दोन कायम मार्गदर्शक हवेत, ही अट कागदावर योग्य आहे; ज्याने स्वतः संशोधन केलं नाही तो ते शिकवणार कसं? पण तालुक्याच्या महाविद्यालयात वर्षांनुवर्षं कायम जागा भरल्या गेलेल्या नाहीत. एक कायम प्राध्यापक आणि बाकी सीएचबी, म्हणजे तासिका तत्त्वावरचे. त्यांत पीएच.डी. झालेले, चांगले लिहिणारे लोक आहेत, पण ते ‘कायम’ नाहीत, म्हणून अटीत बसत नाहीत. तिथली मुलगी नव्वद टक्के मिळवून आली, तरी तिला संशोधनासह ऑनर्स करता येत नाही, कारण विभाग पात्र नाही. मुलीची पात्रता सरकारने पंचाहत्तरवर बांधली. विभागाला पात्र करण्याची जबाबदारी मात्र कुणावरच टाकली नाही.

सर : तिने पुण्याला जावं.

ती : सर, तुम्ही हे म्हणताय?

मला वाटतं ती फक्त एवढंच बोलली, आणि ते पुरेसं होतं. सर ज्या महाविद्यालयात शिकले ते छत्रपती शिवाजी कॉलेज, रयत शिक्षण संस्थेने १९४७ मध्ये साताऱ्यात काढलेलं. काले या गावी १९१९ मध्ये सुरू झालेल्या संस्थेचं ते पहिलं कॉलेज. कर्मवीर भाऊराव पाटलांची ‘कमवा आणि शिका’ योजना तिथे रुजली. सरांनी त्या योजनेत बागकाम केलंय आणि त्यावर पदवी काढलीय. पुण्याला जाण्याची ऐपत असती तर ते त्या बागेत नसते.

सर : (थोड्या वेळाने) ठीक. पण कर्मवीरांनी दार उघडलं म्हणून आतला पेपर सोपा केला नव्हता, हेही लक्षात ठेव. खुरपं टाकून आम्ही वर्गात गेलो की आम्हाला कुणी सवलतीने गुण दिले नाहीत.

ती : मी कुठे सोपा करा म्हणतेय? मी दार उघडा म्हणतेय, आणि पेपर आजच्यापेक्षा अवघड करा म्हणतेय.

सर : तर मग क्रम ठरव. आधी बाहेरची कडी बसव. चार-पाच वर्षं चालव. कुणी नापास होतंय असं दिसलं, की आतली अट काढ. दोन्ही एकदम केलंस तर आतलं दार लगेच उघडेल, कारण ते सोपं आहे, आणि बाहेरची कडी बसायची राहूनच जाईल. मी या व्यवस्थेत आयुष्य काढलंय. सोपं ते आधी होतं आणि अवघड ते पुढच्या बैठकीत जातं.

ती : आणि त्या चार-पाच वर्षांतल्या पोरांचं काय?

सर : त्यांच्यावर अन्याय होईल.

ती : एवढ्या सहज?

सर : सहज नाही. पण आज तू त्यांना पदवी देशील आणि उद्या तिला कुणी विचारणार नाही, हाही अन्यायच आहे. फक्त तो उशिरा कळतो.

एवढ्यावर वाद थांबला, मिटला नाही. घाईने राबवलेल्या सुधारणा कशा मोडतात याबद्दल सरांची भीती पोकळ नाही. दिल्ली विद्यापीठाने २०१३ मध्ये चार वर्षांचा अभ्यासक्रम आणला आणि २०१४ च्या जूनमध्ये तो गुंडाळावा लागला. एक तुकडी मधेच लोंबकळली. तिथे चार वर्षांची पदवी पुन्हा आली ती २०२२ मध्ये, आणि तिची पहिली मुलं २०२५-२६ मध्ये चौथ्या वर्षात पोचली.

तरीही मी तिच्या बाजूचा आहे. सरांचा क्रम शहाणपणाचा असेल, पण त्यात एक गृहीत आहे: आतली अट असेपर्यंत बाहेरची कडी बसवायला लोकांना वेळ मिळेल. माझा अनुभव उलट सांगतो. आत पंचाहत्तरवाले निवडूनच घेतलेत म्हटल्यावर बाहेर कडक राहायची कुणाला निकड वाटत नाही. ‘हुशारच मुलं आहेत ती’ असं म्हणत परीक्षक सही करतो. उलट अडुसष्टचा, साठचा मुलगा समोर आला की परीक्षकाला सावरून बसावं लागतं, त्याची वही उघडून बघावी लागते. आकडा काढून टाकला तरच कसोटीची गरज पडेल. प्रबंधाशिवाय ऑनर्स नको, हे सरांचं पहिलं म्हणणं मात्र मला अजून पटत नाही. पेपर देऊन चौथं वर्ष करणाऱ्या मुलीला तिचं नाव मिळू दे. संशोधन केलेल्याचं वेगळं आहे, आणि ते पदवीपत्रावर वेगळं लिहिलेलंही असतं.

नियम बदलतील तेव्हा बदलतील. तोवर ज्यांच्या घरात हा निर्णय घ्यायचाय त्यांना एक विनंती. चौथ्या वर्षाचा फॉर्म भरण्याआधी कार्यालयाच्या खिडकीवर न जाता विभागात जा. मार्गदर्शक कोण आणि त्यांच्याकडे किती मुलं आहेत, ते विचारा. तोंडी परीक्षेला बाहेरचा परीक्षक कुठून येतो, तेही विचारा. आणि मागच्या वर्षांत त्या विभागातून झालेला एखादा एम.ए.चा किंवा एम.एस्सी.चा प्रबंध मागून घेऊन तिथेच बसून चाळा. तो दाखवायला विभाग खळखळ करत असेल, तर साधं ऑनर्स घ्या किंवा तीन वर्षांवर थांबा.